आकड्याला आठवण नसते

गेल्या महिन्यात वस्तीतल्या बायकांची बैठक होती. विषय होता रेशनकार्डाचा. काम उरकलं, चहा आला आणि नेहमीप्रमाणे खऱ्या गप्पा त्यानंतर सुरू झाल्या. धुण्याभांड्याची कामं करणारी एक तरुण बाई मला म्हणाली, "बाई, तुम्ही शाळेत गणित शिकवत होतात ना? मग आज कोणता आकडा येणार तेवढं सांगा की. आमच्या घरातला माणूस रोज मोबाईलमध्ये डोकं घालून तेच शोधत बसतो." सगळ्या हसल्या. कोपऱ्यातल्या एक आजी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? दहा दिवस सातचा आकडा आलेला नाही. आता येणारच. त्याची पाळी आहे."

मी हसले नाही. हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलेलं आहे.

माझं बालपण गिरणगावातल्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आई खानावळ चालवायची, दोन्ही पाळ्यांची मिळून बारा माणसं जेवायची. वडील वाईट नव्हते. दारू प्यायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. पण संध्याकाळी गिरणीतून आले की सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याचे दहा तुकडे करून त्यांवर शून्य ते नऊ आकडे लिहायचे, तांब्यात टाकून हलवायचे आणि मला म्हणायचे, "डोळे मीट आणि एक काढ." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. लहान पोरीच्या हातून निघालेला आकडा लागतो, अशी चाळीत समजूत होती.

एकदा मी चार काढला आणि रात्री चारच आला. वडिलांनी दोन रुपये लावले होते, अठरा मिळाले. त्यांनी जिलबी आणली, मला खांद्यावर घेऊन गॅलरीभर फिरवलं. "ही माझी लक्ष्मी," म्हणाले. त्यानंतर अकरा दिवस मी काढलेला एकही आकडा लागला नाही. बाराव्या दिवशी त्यांनी तांब्या माझ्या धाकट्या बहिणीपुढे धरला. मला काहीच बोलले नाहीत. पण आजी बोलली, "आईचे पाय पांढरे, लेकीच्या हाताला कुठून यश येणार?" आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

खानावळीचे पैसे त्या दिवसांत कमी कमी होत गेले, ते पुढे मोठी झाल्यावर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या हातात काहीतरी होतं आणि ते मी घालवलं. ही टोचणी मी किती वर्षं बाळगली ते सांगायला आज लाज वाटते. म्हणून हा लेख.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. मटक्याची सुरुवात कापसाच्या भावावरच्या सट्ट्यातून झाली. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव किती उघडला आणि किती बंद झाला ते तारेनं मुंबईला कळायचं आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मार्ग बंद पडला. मग १९६२ साली कल्याणजी भगतनं आणि १९६४ साली रतन खत्रीनं आपापला मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून 'मटका'. पुढे पत्ते आले. तीन पानं ओढायची, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तो ओपन. पुन्हा तीन पानं, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. भोवती कापड गिरण्यांमधले लाखो कामगार होते. रोज हातात थोडी चिल्लर, आणि एकरकमी पैसा कुठूनही मिळण्याची सोय नाही. धंदा फोफावला यात नवल नाही.

आता हिशेब. शून्य ते नऊ असे दहा आकडे. तुम्ही एक धरला, तर तो येण्याची शक्यता दहांत एक. खेळ बरोबरीचा असता तर एका रुपयाला दहा रुपये मिळायला हवेत. बुकीचा नेहमीचा भाव नऊचा. वरून हा एकच रुपया कमी दिसतो. पण शंभर दिवस रोज एक रुपया लावला तर सरासरी दहा वेळा आकडा लागेल आणि नव्वद रुपये परत येतील. दहा रुपये गेले. जोडीचंही तेच. जोड्या शंभर आणि भाव नव्वद, कुठे कुठे ऐंशी.

तुम्ही म्हणाल, शंभरात दहाच गेले ना? पण मिळालेले नव्वद कुणी गाठीला बांधत नाही. ते पुन्हा लागतात. मग नव्वदचे ८१ होतात, ८१ चे ७३. सातव्या फेरीनंतर शंभरातले ४८ च उरलेले असतात. यात नशीब कुठेच नाही. चक्की दळणाची घट कापते तसा हा काप आहे, फक्त चक्कीवाला तो तोंडावर सांगतो. शिवाय पानं खरोखर ओढली जातात, की ज्या आकड्यावर सगळ्यांत कमी पैसे लागलेत तोच जाहीर होतो, हे पैसे लावणाऱ्याला कधी बघायला मिळत नाही.

आता आजींच्या 'पाळी'कडे येते. दहा दिवस सात आला नाही, म्हणून आज तो येण्याची शक्यता वाढते का? मुळीच नाही. मडक्यात आजही दहाच चिठ्ठ्या आहेत. काल काय निघालं होतं ते मडक्याला ठाऊक नसतं. सात येण्याची शक्यता काल दहांत एक होती, आज दहांत एक आहे आणि उद्याही तेवढीच असणार. सलग दहा दिवस एखादा आकडा न येणं यातही विशेष काही नाही, शंभरांत पस्तीस वेळा असंच घडतं. सलग वीस दिवस न येणंसुद्धा शंभरांत बारा वेळा घडतं. म्हणजे टपरीवर टांगलेले ते तक्ते, मागच्या वर्षभराचे आकडे, लाल-निळ्या खुणा, 'आज पक्का' सांगणारे बाबा, या सगळ्यांत कागदापलीकडे काही नाही.

आणि माझे ते अकरा दिवस? अकरा दिवस सलग चुकणं शंभरांत एकतीस वेळा घडतं. अगदी साधी, रोजची गोष्ट. कॉलेजात संभाव्यतेचा धडा आला तेव्हा वहीच्या मागच्या पानावर मी हा गुणाकार केला होता. घरी येऊन आईला पाट्यावर बसल्या बसल्या समजावून सांगितला. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बारा माणसांच्या खानावळीचा हिशेब तोंडी ठेवणारी ती बाई. तिला लगेच कळलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा लागला त्यातही तुझा हात नव्हता आणि नंतर नाही लागला त्यातही नव्हता." मी म्हटलं, "नव्हता." मग हळूच तिनं विचारलं, "आणि माझे पाय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. लग्न होऊन घरी आली आणि सासऱ्यांची नोकरी गेली, तर सून पांढऱ्या पायाची. नवऱ्याला बढती मिळाली तर लक्ष्मी. दोन्ही वेळा तिनं काहीच केलेलं नसतं. जे कुणाच्याच हातात नसतं ते आपल्याकडे बाईच्या अंगाला चिकटवून टाकतात. लक्ष्मी म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, पण ज्यांनी लक्ष्मी म्हटलं तेच उद्या अवदसा म्हणणार असतात. माझ्या बाबतीत त्याला बाराच दिवस लागले.

आणि यातली सगळ्यांत क्रूर गोष्ट आपण सगळ्या जाणतो. "तीन मुली झाल्या, आता तरी मुलगा होईलच." हे त्या 'सातच्या पाळी'चंच वाक्य आहे. बाईकडून येणारं गुणसूत्र नेहमी 'एक्स'च असतं. पुरुषाकडून 'एक्स' आला तर मुलगी, 'वाय' आला तर मुलगा. शक्यता दर वेळी जवळपास निम्मी-निम्मी. आधीच्या तीन बाळंतपणांची आठवण चौथ्याला नसते. निसर्गावर सोडलं तर तीन मुलं असलेल्या घरांपैकी साधारण आठांत एका घरात तिन्ही मुलीच असणार. त्यात कुणाचा दोष नाही, आणि दोष शोधायचाच म्हटलं तरी तो बाईकडे निघत नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ साली देशात पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला. पण 'पाळी येईलच' म्हणून बाईवर लादलेल्या चौथ्या, पाचव्या बाळंतपणाला कुठला कायदा अडवणार? तिथे हे गणितच सासूला, नवऱ्याला आणि आधी स्वतःला सांगावं लागतं.

कुणी म्हणेल, मटका बेकायदा आहे, सरकारी लॉटरीचं तसं नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ सालची. लोक मटक्याकडे वळू नयेत हाही तिच्यामागचा एक हेतू सांगितला जातो. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानं एकेरी आकड्यावर बक्षीस देणाऱ्या लॉटऱ्यांना मनाई केली, ते चांगलंच झालं. सरकारी सोडत उघड असते, बक्षिसं छापलेली असतात. पण शक्यतेचं गणित सरकारी शिक्क्यानं बदलत नाही. कॅनडात १९८२ सालापासून १ ते ४९ पैकी सहा आकडे निवडायची लॉटरी आहे. त्यातले सहाही जुळण्याची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक. रोज एक तिकीट घ्यायचं ठरवलं, तर इतकी तिकिटं घ्यायला अडतीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. बायका अशा ठिकाणी मुलांच्या जन्मतारखा लिहितात. जन्मतारीख लिहिल्यानं शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही. १, २, ३, ४, ५, ६ हे सहा आकडे येण्याची शक्यताही तेवढीच असते. पण तारखा सगळेच लिहितात, त्या ३१ च्या पुढे जात नाहीत, म्हणून त्या आकड्यांवर बक्षीस लागलंच तर ते जास्त जणांत वाटलं जाण्याचा संभव असतो.

आता तर आकडे संगणक काढतो, माणसाचा हात नाही, मग लबाडी कशी होणार, असंही ऐकू येतं. संगणक पुष्कळदा सूत्रानं आकडे बनवतो. एका आकड्यापासून सुरुवात करून पुढचे आकडे असे तयार करतो की बघणाऱ्याला त्यांत क्रम दिसू नये. पण सूत्र लिहिणारा माणूसच असतो. अमेरिकेत अनेक राज्यांच्या मिळून चालणाऱ्या लॉटरीच्या संस्थेत एडी टिप्टन हा संगणक-सुरक्षेचा प्रमुख होता. वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना निघणारे आकडे आपल्याला आधी ओळखता यावेत, अशी सोय त्यानं त्या यंत्रात करून ठेवली होती. २०१७ साली त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. तांब्या कुणाच्या हातात आहे हा प्रश्न यंत्र आलं म्हणून संपत नाही.

मग चिठ्ठी काढणं हेच वाईट का? तर नाही. आमच्या चाळीत बारा बायकांची भिशी होती. प्रत्येकीनं महिन्याला दहा रुपये टाकायचे. लाडवांच्या डब्यात बारा नावांच्या चिठ्ठ्या, त्याही चाळीतलं एखादं पोरच काढायचं. जिची चिठ्ठी निघेल तिला १२० रुपये. आणि एकदा निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जायची नाही. यातच सगळा फरक आहे. पहिल्या महिन्यात माझी शक्यता बारांत एक. नाही निघाली तर पुढच्या महिन्यात अकरांत एक, मग दहांत एक. शेवटच्या महिन्यात एकच चिठ्ठी उरते आणि ती माझीच. भिशीच्या डब्याला आठवण असते. तिथे 'पाळी येणारच' हे वाक्य शंभर टक्के खरं असतं. नशिबानं ठरतो तो फक्त क्रम. मिळणार की नाही, हे बायकांनी नशिबावर ठेवलेलं नाही. आणि मधे कापून घेणारा कुणी नाही, जेवढे टाकले तेवढे मिळतात. व्याज नाही आणि पैसे सांभाळणारी पळाली तर भिशी बुडते, हेही खरं. म्हणून तर ती ओळखीपाळखीतच चालते. माझ्या आईनं भिशीच्या पैशांतून दुसरा स्टोव्ह घेतला आणि माझी फी भरली.

मला वाटतं, माणसं मटक्यात फसतात ती मूर्ख म्हणून नाही. रांगेत उभं राहिलं की नंबर लागतो, भिशीत राहिलं की नाव निघतं, असं जगण्यात पाहिलेलं असतं. मटक्याच्या मडक्यालाही तशीच आठवण असेल असं मन धरून चालतं. आणि दुसरं म्हणजे, गरिबाला एकरकमी पैसा देतं कोण? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर आमच्या चाळीत आकडा लावणारे वाढले, कमी झाले नाहीत. ज्याला पगाराची आशा नाही त्याला दहांत एक हीसुद्धा आशा वाटते. मोलकरणीनं मुलीच्या लग्नासाठी लॉटरीचं तिकीट घेतलं तर तिला हसण्याचा अधिकार बँकेच्या दारातून कधी परत न आलेल्यांना नाही. पण हसायचं नाही म्हणून सांगायचंही नाही, असं होत नाही.

त्या दिवशी मी बैठकीतच वहीचं पान फाडून दहा चिठ्ठ्या केल्या आणि शेंगदाणे मागवले. प्रत्येकीला वीस दाणे दिले आणि मी बुकी झाले. एक दाणा लावा, आकडा लागला तर नऊ घ्या. दर वेळी चिठ्ठी पुन्हा डब्यात. वीस डाव झाले. बहुतेकींचे दाणे कमी झाले, दोघींचे वाढले, एकीचे तर चाळीसच्या वर गेले. सगळ्या तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. माझ्यापुढचा ढीग केव्हा वाढला ते कुणीच पाहिलं नाही. मग मी तो दाखवला. लॉटरी लागलेल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तो याच कारणानं. ढिगाचा फोटो येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. मटक्यावर तर इंग्रजांच्या काळातल्या १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यानं आधीच बंदी आहे आणि तरी तो आहेच. बंदी हवीच, पण तिच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक महिला मंडळात, बचत गटात हा शेंगदाण्यांचा खेळ एकदा खेळून पाहा. मुलग्यांना बसवा, नवऱ्यांनाही बसवा. घरात आकड्यावर किती पैसे जातात ते भांडणाच्या वेळी न विचारता, महिन्याच्या पहिल्या तारखेला वही उघडून विचारा. ते विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, कारण त्यात आपली मजुरी असते. आणि कुणी तुमच्या लेकीला "लक्ष्मी, आकडा काढ" म्हणून हाक मारली, तर तिचा हात बाजूला घ्या. आज तिचं कौतुक होऊ देऊ नका, म्हणजे उद्या तिच्यावर ठपका येणार नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं होतं, "तुझ्या पायांचा कशाशीच संबंध नव्हता आई." तिनं मान हलवली आणि पुन्हा पोळ्या लाटायला घेतल्या. पण त्या संध्याकाळी वडिलांनी तांब्या काढला, तेव्हा ती पहिल्यांदाच उठली, तांब्या त्यांच्या हातून घेतला, घासला आणि पाणी भरून ठेवला.